मालेविच पुन्हा माणसांकडे का वळला?

तुमचा प्रश्न असा आहे : अमूर्त चित्रकलेचा प्रणेता काझिमिर मालेविच यानं १९१५ मध्ये ‘काळा चौकोन’ हे पांढऱ्यावर नुसता काळा चौकोन असलेलं चित्र प्रदर्शनात टांगलं, १९२० मध्ये ‘चित्रकला केव्हाच संपली आहे’ असं छापून जाहीर केलं. मग १९२८ नंतर तोच माणूस शेतकरी, कामगार बाई, स्वतःची बायको, स्वतःचा चेहरा असली चित्रं कशी काय काढू लागला? स्टालिनच्या धाकानं त्यानं नांगी टाकली का?

भीती होती आणि ती अगदी खरी होती. पण वळण त्या भीतीच्या आधीचं आहे. मी तैलरंगात काम करतो आणि बरीच वर्षं रचना हा विषय शिकवतो. मालेविच मी आधी पुस्तकांतून वाचला आणि नंतर कॅनव्हासवर पाहिला. कॅनव्हास पाहिल्यावर ‘शरणागती’ हा शब्द मला टिकणारा वाटत नाही.

सुरुवात बर्लिनपासून करतो, कारण तुमच्या प्रश्नाचं मर्म तिथे आहे. १९२७ च्या मार्चमध्ये मालेविच आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचाच परदेशी गेला. आधी वॉर्साला, मग बर्लिनला. मधे देसाऊला बाउहाउस या नव्या कलेच्या जर्मन शाळेत जाऊन आला, आणि त्याचं एक पुस्तक बाउहाउसच्या मालेत अकरावा भाग म्हणून त्याच वर्षी निघालं. बर्लिनच्या मोठ्या वार्षिक प्रदर्शनात त्याला स्वतंत्र दालन मिळालं. प्रदर्शन सप्टेंबरपर्यंत चालणार होतं, पण जूनमध्ये त्याला तातडीनं मायदेशी बोलावून घेतलं. निघताना त्यानं सत्तरएक चित्रं बर्लिनमध्येच मागे ठेवली. त्यांची जबाबदारी पुढे ह्यूगो हेरिंग या वास्तुरचनाकाराकडे आली. हस्तलिखितांचा गठ्ठा त्यानं गुस्ताव फॉन रीझन या यजमानांकडे दिला. गठ्ठ्यासोबत ३० मे १९२७ या तारखेची एक चिठ्ठी आहे. माझा मृत्यू झाला किंवा निरपराध असताना मला तुरुंगात टाकलं तर या लेखनाचं काय करावं, हे त्यात लिहिलंय. पुढे तो म्हणतो, की मी पूर्वी क्रांतीच्या प्रभावाखाली होतो, त्यामुळे तेव्हाचं माझं लिखाण आणि आज १९२७ मध्ये मी मांडत असलेली कलेची बाजू यांत जबर विसंगती सापडू शकते. आजची भूमिका खरी धरावी.

हे त्यानं कुणाच्या दडपणाखाली लिहिलेलं नाही. खाजगी चिठ्ठी, परक्या देशात, विश्वासातल्या माणसाकडे दिलेली. म्हणजे ‘चित्रकला संपली’ ही घोषणा त्यानं स्वतःच मागे घेतली होती, आणि तीही पहिला नव्या धाटणीचा शेतकरी रंगवण्याआधी. तुरुंगाची शक्यता मात्र त्याला तेव्हाच दिसत होती, हेही त्याच कागदावर आहे.

आता मागे जाऊ, कारण शेतकरी त्याच्या चित्रात १९२८ साली आकाशातून पडलेले नाहीत. मालेविचचा जन्म १८७९ चा, कीव्हचा. आईवडील पोलिश. वडील बीटाच्या साखर कारखान्यांत नोकरीला, त्यामुळे कुटुंब युक्रेनच्या खेड्यांतून बदलीबरोबर फिरत राहिलं. शेतकऱ्यांच्या बायका मातीच्या भिंती आणि चुली सारवून त्यावर फुलं, कोंबडे, घोडे काढत, आणि हा पोरगा ते बघत बसे. कारखान्यातल्या मजुरांपेक्षा शेतावरची माणसं त्याला जवळची वाटत, हे त्यानं आत्मकथनात फार प्रेमानं लिहिलंय. पुढे कुर्स्कला रेल्वेच्या कचेरीत ड्राफ्ट्समन म्हणून नोकरी, पैसे साठवून मॉस्कोला येणं, नामांकित कलाशाळेत प्रवेश न मिळणं, मग फ्योदर रेरबर्ग यांच्या खाजगी स्टुडिओत शिकणं. हा सगळा काळ मी भरभर सांगतो, कारण त्या वेळची त्याची चित्रं शिकाऊ आहेत. जीव येतो तो १९११-१२ मध्ये. लाकूडतोडे, कापणी करणाऱ्या बाया, पाण्याच्या बादल्या वाहणाऱ्या बाया, सगळ्यांची अंगं जणू पत्र्याच्या नळकांड्यांची. तेव्हाही तो शेतकरीच रंगवत होता.

१९१३ च्या डिसेंबरात पीटर्सबर्गच्या लूना पार्क नाट्यगृहात ‘सूर्यावर विजय’ हा ऑपेरा झाला. शब्द क्रुचोनिखचे, संगीत मात्यूशिनचं, पडदे आणि पोशाख मालेविचचे. प्रयोग फक्त दोन. पण पडद्यांच्या आराखड्यांत चौकोन येऊन बसला होता, आणि त्याचं महत्त्व मालेविचला दीड वर्षानं, १९१५ च्या उन्हाळ्यात समजलं. म्हणून आयुष्यभर तो ‘काळ्या चौकोना’चं साल १९१३ सांगत राहिला. कॅनव्हास रंगला १९१५ मध्ये. तारखांशी त्याचं हे असं नातं लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

त्या कॅनव्हासबद्दल थोडं थांबून सांगतो. मॉस्कोच्या ट्रेत्याकोव्ह गॅलरीत तो आहे, साडेएकोणऐंशी सेंटिमीटर लांब-रुंद. छापील पुस्तकात तो सपाट काळा ठोकळा दिसतो आणि लोक म्हणतात, हे तर कुणीही काढेल. प्रत्यक्षात काळ्या थराला सगळीकडे भेगा गेल्या आहेत, आणि भेगांतून तांबडा, पिवळसर, हिरवट रंग डोकावतो. चौकोनाची एकही बाजू दुसरीला नेमकी समांतर नाही. भोवतीचा पांढरा हातानं, कुंचल्याचे माग ठेवत भरलाय. तैलरंगात काम करणाऱ्याला त्या भेगा बघितल्या की काय घडलं ते उमगतं. खालचा थर पुरता वाळायच्या आत वरून दुसरा थर चढवला. वरचा आधी कडक झाला, खालचा आत हलत राहिला, आणि वरची साय फाटली. आम्ही विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षी हेच बजावतो, की जवसाच्या तेलाला घाई चालत नाही. २०१५ मध्ये ट्रेत्याकोव्हच्या तज्ज्ञांनी क्ष-किरणांखाली तपासणी केली तेव्हा काळ्याखाली दोन रंगीत रचना निघाल्या; एक घनवादी-भविष्यवादी (वस्तूंचे तुकडे आणि गती मांडणाऱ्या) वळणाची, तिच्यावर दुसरी सुप्रीमॅटिझमच्या, म्हणजे नुसत्या भौमितिक आकारांच्या त्याच्या चित्रपद्धतीच्या, उंबरठ्यावरची. म्हणजे शांतपणे विचार करून मांडलेलं प्रमेय म्हणून हा चौकोन जन्मला नाही. एक चित्र फसत होतं, त्यावर दुसरं चढलं, आणि एका क्षणी त्यानं ते सगळं काळ्यानं झाकून टाकलं. सिद्धान्त नंतर आला. माझ्या दृष्टीनं मालेविच समजण्याची किल्ली इथे आहे. त्याचा हात आधी जातो आणि त्याची लेखणी मागून धावत जाऊन कारण सांगते.

प्रदर्शनाचं नाव होतं ‘०.१०’, ‘शेवटचं भविष्यवादी प्रदर्शन’. जुन्या रशियन पंचांगाप्रमाणे १९ डिसेंबर १९१५ ला पेट्रोग्राडमध्ये (पीटर्सबर्गचंच तेव्हाचं नाव) नादेझ्दा दोबिचिना यांच्या कलादालनात ते उघडलं. मालेविचची ३९ चित्रं होती. चौकोन त्यानं दोन भिंतींच्या सांध्यात, छताजवळ टांगला. रशियन घरात त्या कोपऱ्यात देवाचं चित्र असतं; घरात आलेला माणूस आधी तिकडे वळून क्रूस करतो. त्याचा प्रतिस्पर्धी कलाकार व्लादिमिर तातलिन त्याच प्रदर्शनात लोखंड-लाकडाच्या कोपऱ्यातल्या रचना घेऊन आला होता, आणि या दोघांचं इतकं बिनसलं की तातलिनच्या गटानं आपल्या खोलीवर ‘व्यावसायिक चित्रकारांचं प्रदर्शन’ अशी पाटी लावली. त्याआधी, शरद ऋतूत, इवान पूनी हा चित्रकार अचानक मालेविचच्या स्टुडिओत शिरला आणि त्यानं ती गुप्त ठेवलेली चित्रं पाहिली. तेव्हा आपला शोध दुसरा कुणी आपल्या नावावर खपवेल या धास्तीनं मालेविचनं घाईघाईनं पुस्तिका लिहून ‘सुप्रीमॅटिझम’ हे नाव स्वतःच्या नावाशी बांधलं. पहिलेपणाची ही तहान त्याला कायम होती.

१९१८ मध्ये त्यानं पांढऱ्यावर पांढरा चौकोन काढला. तो आज न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहे. आतला पांढरा किंचित थंड, बाहेरचा किंचित उबदार, चौकोन जरा कललेला. यापुढे कुंचला घेऊन जायचं कुठे, हा प्रश्न त्याला पडला आणि तो प्रामाणिक होता. त्याच सुमारास क्रांती झालेली, शहरात खायला नाही, सरपण नाही, बायको सोफिया गरोदर. १९१९ च्या अखेरीस तो आजच्या बेलारूसमधल्या व्हितेब्स्कला गेला, चित्रकार मार्क शगालनं स्थापन केलेल्या कलाशाळेत शिकवायला. तिथे जे घडलं ते कलाशिक्षणाच्या इतिहासात मला तरी दुसरीकडे दिसत नाही. काही महिन्यांत शाळेतली बहुतेक मुलं त्याच्या भोवती गोळा झाली. फेब्रुवारी १९२० मध्ये ‘उनोविस’ हा गट निघाला, ‘नव्या कलेचे पुरस्कर्ते’ या अर्थाच्या रशियन शब्दांचं जोडनाव. मुलं बाहीवर काळा चौकोन शिवून हिंडत. भिंती, फलक, ट्रामगाड्या, सभेची व्यासपीठं सगळं रंगलं. त्याच वर्षी मुलगी झाली. तिचं नावसुद्धा गटावरून ‘ऊना’ ठेवलं. शगालचे विद्यार्थी तुटले, आणि जून १९२० मध्ये त्यानं गाव सोडलं. माझ्या मते शगालवर तिथे अन्याय झाला आणि त्यात मालेविचचा वाटा होता. इतकी पकड असलेला शिक्षक शेजारच्या वर्गाला जागा ठेवत नाही.

‘चित्रकला संपली, चित्रकार हा भूतकाळातला पूर्वग्रह आहे’ ही वाक्यं व्हितेब्स्कमधलीच, १९२० च्या ‘सुप्रीमॅटिझम : ३४ रेखाटनं’ या पुस्तिकेतली. ती वाचताना आजूबाजूला काय चाललं होतं ते डोळ्यांपुढे ठेवा. तेव्हा तो चित्रकार नव्हता, चळवळीचा पुढारी होता. दिवसभर शिकवायचा आणि रात्री लिहायचा. १९२२ मध्ये तो विद्यार्थ्यांसह पेट्रोग्राडला आला. तिथल्या ‘गिनखुक’ या कलासंस्कृती संस्थेचा प्रमुख झाला. चिनीमातीच्या कारखान्यासाठी किटली आणि अर्धे कप केले, प्लास्टरचे इमारतींसारखे ठोकळे रचले. पण त्या वर्षांतलं माझ्या आवडीचं काम म्हणजे ‘अतिरिक्त घटका’चा सिद्धान्त.

तो थोडक्यात असा. प्रत्येक चित्रपद्धतीत एक लहानसं रेषारूप असतं, जे आधीच्या पद्धतीत नव्हतं. घनवादात कोयत्यासारखी वक्ररेषा, सुप्रीमॅटिझममध्ये सरळ पट्टी. हा घटक क्षयाच्या जंतूसारखा चित्रकाराच्या शरीरात शिरतो आणि त्याची सगळी बघण्याची रीत बदलून टाकतो, असं तो म्हणे. जंतूची उपमा त्याचीच. विद्यार्थ्यांना तो रोग्यासारखं तपासायचा. कोण कुठल्या टप्प्यावर आहे, कुणात दोन पद्धतींची भेसळ झाली आहे, कुणाला घनवादाच्या आधीच्या सेझान या फ्रेंच चित्रकाराकडे परत पाठवायला हवं, हे निदान करून त्याचे तक्ते केले होते. मी वर्गात हे वापरतो, जंतू सोडून. विद्यार्थ्याच्या दहा चित्रांत परत परत येणारी एक रेषा शोधा, मग त्याच्याशी बोला. तासभराच्या उपदेशापेक्षा ते कामी येतं.

तुमच्या प्रश्नाला हा सिद्धान्त थेट भिडतो. चित्रकलेचा इतिहास म्हणजे एकातून दुसऱ्या पद्धतीत जाण्याची साखळी असं एकदा मानलं, की काळा चौकोन हा शेवटचा बिंदू राहत नाही. त्याच्या पुढेही काहीतरी असलंच पाहिजे. सुप्रीमॅटिझमचा घटक माणसाच्या आकृतीत शिरला तर काय होईल, हा त्याच्यासाठी प्रयोगाचा सरळ पुढचा टप्पा होता.

जून १९२६ मध्ये लेनिनग्राडच्या (पेट्रोग्राडच्याच, नाव तेवढं बदललेलं) एका वर्तमानपत्रात ‘सरकारी खर्चावर चाललेला मठ’ अशा आशयाचा लेख संस्थेवर आला आणि वर्षअखेर संस्था बंद पडली. मग बर्लिन. परतल्यावर त्याच्याकडे पूर्वीची संस्था नव्हती, आणि चित्रंही नव्हती. ती बर्लिनमध्ये अडकलेली. १९२९ च्या नोव्हेंबरात ट्रेत्याकोव्हमध्ये त्याचं एकट्याचं प्रदर्शन ठरलं तेव्हा त्याला स्वतःचा प्रवास दाखवायला कॅनव्हास कमी पडत होते. पहिल्या काळ्या चौकोनाची अवस्था वाईट झाल्यामुळे त्यानं त्याच मापाचा दुसरा काढून दिला. आणि इतकंच करून तो थांबला नाही. त्यानं आपलं हरवलेलं तारुण्य नव्यानं रंगवलं. ‘फुलवाली’ या चित्रावर १९०३ साल आहे, पण ते १९३० च्या सुमाराचं आहे. नवे शेतकरी रंगवून त्यांवर १९१० च्या आसपासच्या तारखा टाकल्या. कितीतरी वर्षं अभ्यासक या तारखांवर विसंबले. शार्लट डग्लस यांच्यासारख्या संशोधकांनी हा गुंता नंतर सोडवला.

ही बनवाबनवी आहे आणि तिला तसंच म्हटलं पाहिजे. पण पैशासाठी केलेली नव्हे. सिद्धान्तात प्रत्येक टप्पा नीट एकामागून एक यायला हवा होता. आयुष्यात तो तसा आला नव्हता. संस्कारवादाचा (इम्प्रेशनिझमचा) टप्पा आयुष्यात तोकडा पडला, तर त्यानं पन्नाशीत तो पुरा केला आणि तारीख मागची घातली. हात आणि लेखणी यांचं मी मघाशी म्हटलं ते नातं इथे टोकाला गेलेलं दिसतं.

आता ते बिनचेहऱ्याचे शेतकरी. १९२८ ते १९३० या काळात तो कीव्हच्या कलासंस्थेत जाऊन-येऊन शिकवत होता, खार्किव्हच्या एका युक्रेनियन मासिकात लेखमाला लिहीत होता. म्हणजे ज्या गावांत तो वाढला त्या मुलखात तो पुन्हा जात होता, आणि नेमक्या त्याच वेळी तिथे सक्तीचं सामूहिकीकरण, म्हणजे शेतकऱ्यांच्या जमिनी घेऊन सामुदायिक शेतं करणं, सुरू झालं. १९३२-३३ चा युक्रेनचा भीषण दुष्काळ त्यातूनच आला. सप्टेंबर १९३० मध्ये मालेविचला अटक झाली, हेरगिरीच्या संशयानं चौकशी झाली आणि डिसेंबरात तो सुटला. तो आत असताना मित्रांनी भीतीपोटी त्याचे काही कागद जाळले.

पीटर्सबर्गच्या रशियन म्यूझियममधलं ‘गुंतागुंतीची चाहूल’ हे चित्र बघा, १९३२ च्या सुमाराचं. पिवळ्या सदऱ्यातला एक माणूस कमरेपासून वर. चेहरा म्हणजे कोरा अंडाकार, दाढीचा आकार तेवढा आहे. हात नाहीसे झाल्यासारखे अंगालगत. मागे क्षितिजापर्यंत आडव्या रंगीत पट्ट्या, आणि लांबवर एक लाल घर, खिडकी नाही, दार नाही. पट्ट्या आणि घराचा तो लाल चौकोन १९१५ च्या कुठल्याही सुप्रीमॅटिस्ट कॅनव्हासमधून उचलून इथे ठेवावा असे आहेत. कॅनव्हासच्या मागे त्यानं लिहिलंय, की ही रचना रितेपण, एकटेपण आणि जगण्यातून वाट न दिसणं या जाणिवांच्या घटकांतून घडली आहे. शब्द ‘घटक’ हाच आहे. प्रयोग चालूच होता. आणि खाली साल टाकलंय १९१३.

घाबरून शरण गेलेला चित्रकार असं चित्र काढत नाही. त्या वर्षांत सरकारला हवे होते ते हसरे, दणकट शेतकरी आणि ट्रॅक्टर. याच्या शेतकऱ्याला तोंडच नाही. १९३२ मध्ये ‘पंधरा वर्षांतले चित्रकार’ या मोठ्या प्रदर्शनात त्याची चित्रं लावली तीसुद्धा ‘रूपवादा’चा, म्हणजे आशय सोडून नुसत्या रूपामागे लागण्याच्या दोषाचा, नमुना म्हणून. मागची तारीख घालण्याचा एक फायदा असाही होता, की दुष्काळाच्या वर्षात काढलेला रिकाम्या चेहऱ्याचा शेतकरी कागदोपत्री झारच्या काळातला ठरे. हे त्यानं मुद्दाम त्यासाठीच केलं असं मी म्हणणार नाही, पण ती तारीख बघताना हे मनात आल्याशिवाय राहत नाही.

शेवटची दोन-तीन वर्षं वेगळी आहेत, आणि तुमचा संशय टिकतो तो इथेच. १९३३ च्या सुमाराची व्यक्तिचित्रं चक्क ओळखू येणारी आहेत. डोळे, नाक, कातडीचा रंग सगळं आहे. इथे दडपणानं काम केलं नाही असं म्हणता येत नाही. पण ‘कामगार बाई’ या चित्रात तिचे हात पाहा. एक हात खाली आधारासारखा, दुसरा वरून वळलेला. मांडीवर मूल घेतलेल्या मेरीच्या जुन्या चित्रांतली तीच ठेवण, फक्त मूल नाही. स्वतःच्या चित्रात त्यानं युरोपातल्या प्रबोधनकाळच्या माणसाचा पोशाख घातलाय, तळवा उघडा धरलाय, जणू काही न दिसणारी वस्तू दाखवतोय. सही कोपऱ्यात आहे आणि ती अक्षरांत नाही. एक छोटा काळा चौकोन काढलाय. शरण गेलेल्या माणसानं निदान सही तरी बदलली असती.

१५ मे १९३५ ला लेनिनग्राडमध्ये कर्करोगानं तो गेला. शिष्य निकोलाय सुयेतिननं सुप्रीमॅटिस्ट शवपेटी केली, शव नेणाऱ्या गाडीच्या पुढे काळा चौकोन लावला होता. मॉस्कोजवळच्या नेमचिनोव्हकाला त्याच्या रक्षेवर सुयेतिननंच पांढरा घनाकार दगड केला, तोही चौकोन कोरलेला. तो युद्धात नष्ट झाला. बर्लिनमधली चित्रं हेरिंगकडे आणि हानोफरच्या संग्रहालयात टिकली. काही १९३५ मध्ये म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टचे संचालक ॲल्फ्रेड बार यांनी न्यूयॉर्कला नेली, बरीचशी १९५८ मध्ये ॲमस्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयानं घेतली. सोव्हिएत संघात मात्र काळा चौकोन दशकानुदशकं तळघरात होता, आणि मोठं सिंहावलोकी प्रदर्शन व्हायला १९८८ उजाडावं लागलं.

प्रत्यक्ष चित्रं पाहायचा योग आला तर एक पथ्य पाळा. चित्राशेजारच्या पट्टीवर दोन तारखा असतील, एक मालेविचनं घातलेली आणि एक संग्रहालयानं ठरवलेली. आधी दुसरी वाचा. इंटरनेटवर फिरणाऱ्या प्रतिमांखाली बहुधा पहिलीच असते, आणि तिच्यावर भिस्त ठेवली तर १९३० चा शेतकरी १९१२ च्या शेतकऱ्याशेजारी जाऊन बसतो. शंका आली तर अंगाकडे पाहा. १९१२ चा शेतकरी नळकांड्यांचा, जड, जमिनीला खिळलेला, बहुतेकदा काहीतरी काम करत असलेला. १९३० नंतरचा सपाट, सरळ उभा, हात लोंबते, मागे पट्ट्यांचं रिकामं शेत, आणि त्याच्या हाताला बहुधा काही काम नसतं.